झिंक स्वतः मॅग्नेटिक नाही, मग फेराईटचं मॅग्नेटायझेशन वाढतं कसं? सब्स्टिट्यूशनबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: निकेल फेराईटमध्ये (निकेल आणि आयर्नचं चुंबकी ऑक्साईड) निकेलच्या जागी झिंक घालत गेलो, झिंकचा मोमेंट म्हणजे आयनची स्वतःची चुंबकी ताकद शून्य, तरी सगळे पेपर म्हणतात मॅग्नेटायझेशन आधी वाढतं आणि मग पडतं, असं का. आणि विचारणाऱ्याने सोल-जेल ऑटो-कम्बशनने (द्रावणाचं जेल करून ते पेटवायची पद्धत) पावडर केलीय, ६०० डिग्रीला भाजलीय, क्रिस्टलाईट साईज (एकसंध स्फटिकाच्या तुकड्याचं माप) २० नॅनोमीटर येतेय, आणि झिंक न घातलेल्या निकेल फेराईटलाच ३५ इमू पर ग्रॅम (मॅग्नेटायझेशनचं एकक) मिळालंय जिथे पुस्तकात ५० आहे, तर गडबड कुठे. पुढे कोबाल्ट, ॲल्युमिनियम, गॅडोलिनियम घालून बघायचंय, काय होईल ते आधी सांगता येतं का.

सांगता येतं, बऱ्यापैकी येतं. फक्त विचार करायची सवय बदलावी लागते. आपण काय करतो, नवीन आयन घेतला की आधी त्याचा मोमेंट बघतो, झिंक शून्य, निकेल २, कोबाल्ट ३, मँगनीज ५, आणि त्यावरून अंदाज बांधतो. पण फेराईटमध्ये पहिला प्रश्न असतो की हा आयन कुठल्या जागेवर जाऊन बसला, आणि दुसरा, तो तिथे बसल्यामुळे आयर्नला कुठे सरकावं लागलं. स्वतःचा मोमेंट त्यानंतर.

स्पिनेलची, म्हणजे या फेराईटच्या स्फटिकाची, रचना तुम्हाला पाठ असेलच, तरी हाताशी ठेवू. युनिट सेलमध्ये ३२ ऑक्सिजन, त्यांच्या मधल्या पोकळ्यांत टेट्राहेड्रल जागा (चार ऑक्सिजनच्या मधल्या) ६४ पण भरलेल्या फक्त ८, ऑक्टाहेड्रल (सहा ऑक्सिजनच्या मधल्या) ३२ त्यातल्या १६ भरलेल्या. टेट्राहेड्रलला ए म्हणतो, ऑक्टाहेड्रलला बी. म्हणजे एका फॉर्म्युल्यामागे ए वर एक आयन, बी वर दोन. ए वरचे सगळे स्पिन एका दिशेला, बी वरचे उलट दिशेला, आणि आपल्याला बाहेर जे मॅग्नेटायझेशन दिसतं ते बी वजा ए. १९४८ मध्ये लुई नील या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने हे मांडलं, फेरिमॅग्नेटिझम हा शब्दही तिथलाच, आणि १९७० च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा आहे. रस्सीखेच डोळ्यासमोर आणा, एका बाजूला दोन गडी आणि दुसऱ्या बाजूला एक, दोरी किती सरकते ते फरकावर ठरतं, आणि कमजोर बाजूचा गडी काढून घेतला तर दोरी जास्त जोरात सरकते. झिंक नेमकं हेच करतं.

आता आकडे घालून बघा, कारण हे हाताने एकदा केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. निकेल फेराईट इन्व्हर्स स्पिनेल आहे, म्हणजे निकेल बी वर, आणि आयर्न अर्धं ए वर अर्धं बी वर. बी ची बेरीज २ अधिक ५ म्हणजे ७, ए चे ५, फरक २ बोहर मॅग्नेटॉन (मोमेंट याच एककात मोजतात). आता एक्स इतकं झिंक घातलं. झिंकला टेट्राहेड्रल जागा फार आवडते, ते ए वरच बसतं. ए वर तितकं आयर्न कमी झालं, आणि निकेल कमी केल्यामुळे बी वर तितकी जागा रिकामी झाली होती तिथे ते आयर्न गेलं. मग ए ची बेरीज ५ गुणिले (१ वजा एक्स), बी ची २ गुणिले (१ वजा एक्स) अधिक ५ गुणिले (१ अधिक एक्स), म्हणजे ७ अधिक ३ एक्स. वजाबाकी केली की २ अधिक ८ एक्स. प्रत्येक ०.१ झिंकमागे ०.८ बोहर मॅग्नेटॉनची वाढ, आणि ही वाढ झिंकने दिलेली नाही, आयर्नच्या जागाबदलाने दिलेली आहे. शून्य मोमेंटचा आयन घालून मॅग्नेटायझेशन वाढण्याचं सगळं रहस्य एवढंच.

इमू पर ग्रॅमवरून बोहर मॅग्नेटॉनवर जायला मॉलिक्युलर वेट गुणिले एमएस (सॅच्युरेशन मॅग्नेटायझेशन, म्हणजे जोरदार फील्डमध्ये मिळणारं जास्तीत जास्त) भागिले ५५८५. निकेल फेराईटचं वजन २३४.४, एमएस ५०, उत्तर २.१ येतं, नीलच्या २ च्या अगदी जवळ. म्हणजे मॉडेल ठीक चाललंय.

पण मग एक्स १ ला १० बोहर मॅग्नेटॉन यायला हवेत आणि झिंक फेराईट जगातलं सगळ्यात भारी सॉफ्ट मॅग्नेट व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात नीट भाजलेलं, सावकाश थंड केलेलं झिंक फेराईट खोलीच्या तापमानाला पॅरामॅग्नेटिक असतं (स्पिन विस्कळीत) आणि १० केल्व्हिनच्या आसपास जाऊन अँटिफेरोमॅग्नेटिक होतं (स्पिन उलटसुलट, बेरीज शून्य). कारण बी चे स्पिन एकमेकांना समांतर राहतात ते स्वखुशीने नाही. ए आणि बी यांच्यातला ऑक्सिजनमार्गे होणारा सुपरएक्स्चेंज (स्पिनना एकमेकांशी बांधणारा संबंध) सगळ्यात ताकदवान आहे, कारण ए-ऑक्सिजन-बी कोन १२५ डिग्रीच्या आसपास पडतो, बी-ऑक्सिजन-बी मात्र ९० ला पडतो आणि तो परस्परसंबंध कमजोर असतो, आणि झिंक फेराईटमध्ये आयर्न-आयर्नचा हा बी-बी संबंध उलटे स्पिन मागतो. म्हणजे बी मंडळींना एका दिशेला धरून ठेवणारा ए आहे. ए वरचं आयर्न काढत गेलात की धरून ठेवणारं कोणी उरत नाही, बी चे स्पिन तिरके व्हायला लागतात, आणि वजाबाकीत जे दिसायला हवं होतं ते दिसत नाही. १९५२ मध्ये याफेट आणि किटेल यांनी हे तिरकेपण मांडलं म्हणून याफेट-किटेल अँगल. ०.४ ते ०.५ झिंकपर्यंत नीलची रेषा जिंकते, त्यानंतर तिरकेपणा जिंकतो. सुरुवातीचा चढ सगळ्या मिक्स्ड झिंक फेराईटमध्ये दिसतो आणि बेस कोणताही असो, रेषा एक्स १ ला १० कडेच रोखलेल्या असतात, गॉर्टरने फिलिप्समध्ये पन्नासच्या दशकात हे सगळं अतिशय चिकाटीने मोजून ठेवलंय.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे कारण ती वारंवार दिसते. याफेट-किटेल अँगल काढायचा फॉर्म्युला सोपा आहे, मोजलेला मोमेंट अधिक ए ची बेरीज, भागिले बी ची बेरीज, त्याचा कॉस इन्व्हर्स. समजा ०.६ झिंकला मोजलेला मोमेंट ४ आला, ए ची बेरीज २, बी ची ८.८, तर ६ भागिले ८.८ म्हणजे ०.६८, अँगल ४७ डिग्री. पण हा मोजलेला मोमेंट लो टेम्परेचरचा पाहिजे, ४.२ किंवा निदान ५ केल्व्हिनचा. झिंक वाढलं की क्युरी टेम्परेचर (ज्याच्या वर ही चुंबकी शिस्त मोडते) पण घसरतं, निकेल फेराईटचं ५८५ सेल्सिअस, निम्म्या झिंकला ते तीनशेच्या खाली येतं, आणि ०.८ च्या आसपास तर खोलीच्या तापमानाच्या इतकं जवळ येतं की सॅम्पल व्हीएसएममध्ये (मॅग्नेटायझेशन मोजायचं यंत्र) ठेवेपर्यंत अर्धं मॅग्नेटायझेशन थर्मल हालचालीतच गेलेलं असतं. रूम टेम्परेचरचा एमएस घेऊन अँगल काढला तर ही थर्मल घट तुम्ही स्पिन कॅन्टिंगच्या, म्हणजे तिरकेपणाच्या, नावावर लिहिता. असे कित्येक टेबल छापून आलेत. लो टेम्परेचर मोजायची सोय नसेल तर अँगलचा कॉलम सरळ वगळा, पेपर गरीब होत नाही.

याच कारणाने रूम टेम्परेचरचा ग्राफ आणि लो टेम्परेचरचा ग्राफ यांचा पीक वेगळ्या एक्सला येतो, रूम टेम्परेचरचा जरा अलीकडे. दोन पेपरांत पीक वेगवेगळा दिसला की लगेच कोणीतरी चुकलंय असं समजू नका, आधी कुठल्या तापमानाला मोजलंय ते बघा.

आता तुमचे ३५. मला यात काही चुकलेलं वाटत नाही. २० नॅनोमीटरच्या कणात पृष्ठभागावरचे स्पिन शिस्तीत नसतात, शेजारी तुटलेले, ऑक्सिजन गायब, त्यामुळे बाहेरचा साधारण १ नॅनोमीटरचा थर मॅग्नेटायझेशनमध्ये जवळपास मोजलाच जात नाही. गोल कण धरला तर एमएस बरोबर बल्क एमएस गुणिले (१ वजा ६ टी भागिले डी). टी म्हणजे थराची जाडी १, डी म्हणजे कणाचा व्यास २०, कंसात ०.७, आणि ५० गुणिले ०.७ म्हणजे ३५. तुमचा आकडा इतका चपखल बसला हा थोडा योगायोग आहे, कारण शेररच्या फॉर्म्युल्याने (एक्स-रे पीकच्या रुंदीवरून) निघते ती क्रिस्टलाईट साईज, कण नव्हे, आणि त्या बाहेरच्या डेड लेयरची जाडी बनवायच्या पद्धतीवर हलते, पण कुठल्या पायरीवर आहोत ते कळतं. यातून निघणारा त्रास मात्र मोठा आहे. झिंक घालत गेलात की बहुतेक वेळा क्रिस्टलाईट साईज पण बदलते, एका सॅम्पलला १८ दुसऱ्याला ३०, मग तुमच्या ग्राफमध्ये झिंकचा परिणाम किती आणि साईजचा किती हे कोणालाच सांगता येणार नाही. सब्स्टिट्यूशनचा अभ्यास करायचा असेल तर साईज बाजूला काढलीच पाहिजे. सगळ्यात साधा मार्ग, त्याच बॅचमधली अर्धी पावडर पेलेट (दाबलेली चकती) करून ११०० च्या आसपास सिंटर करा (कण चिकटून घट्ट होईपर्यंत भाजा) म्हणजे बल्कसारखी होईल, आणि दोन्ही मालिका शेजारी ठेवा.

नॅनोमध्ये अजून एक घोळ असतो, आयन आपापल्या आवडत्या जागी पोचलेलेच नसतात. ऑटो-कम्बशनमध्ये काय होतं बघा, जेल फुगून येतं, एका कोपऱ्याला ठिणगी धरते आणि मिनिटभरात सगळं राखेसारखं भुसभुशीत होऊन बसतं, एवढ्या घाईत झिंकला ए शोधायला वेळ कुठे, थोडं झिंक बी वर अडकतं आणि थोडं आयर्न ए वर. म्हणून बल्कमध्ये पॅरामॅग्नेटिक असणारं झिंक फेराईट नॅनोमध्ये खोलीच्या तापमानालाही चांगलं मोजण्याइतकं मॅग्नेटायझेशन दाखवतं, आणि लोक त्याला नवीन शोध म्हणून लिहितात. ए वर थोडं आयर्न आलं की ए-बी संबंध सुरू, बस. भाजून बघा, आयन जागेवर जातील आणि मॅग्नेटायझेशन उतरेल.

सिंटर करताना झिंक उडतं हे लक्षात ठेवा. ११००-१२०० च्या वर गेलात की पेलेटच्या पृष्ठभागावरून झिंक निघून जातं, मागे आयर्न जास्त उरतं, त्यातलं थोडं फेरस (टू प्लस) होतं, रेझिस्टिव्हिटी धाडकन पडते आणि डायलेक्ट्रिकचे आकडे वेड्यासारखे वाढलेले दिसतात. पेलेट त्याच रचनेच्या पावडरीत पुरून, वर झाकण ठेवून भाजा. पेलेट फोडून मधला भाग आणि कडेचा भाग यांचा ईडीएक्स (कुठलं मूलद्रव्य किती ते सांगणारी चाचणी) वेगवेगळा घ्या, फरक दिसला की समजायचं.

झिंक खरंच आत गेलंय का याची पहिली खूण लॅटिस पॅरामीटर, म्हणजे युनिट सेलच्या बाजूची लांबी. निकेल फेराईट ८.३४ अँगस्ट्रॉम, झिंक फेराईट ८.४४, मध्ये साधारण सरळ रेषा, म्हणजे निम्म्या झिंकला ८.३९ यायला हवं. रेषेवरून खाली घसरलेला एखादा पॉईंट दिसला तर तिथे झिंक कमी पडलंय, तोच पॉईंट एमएसच्या ग्राफमध्येही विचित्र वागेल. आणि एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शन) हेमटाईट, म्हणजे वेगळं पडलेलं आयर्न ऑक्साईड, शोधा, ३३.१५ डिग्रीला. कॉपर के-अल्फा एक्स-रेवर आयर्न स्वतः फ्लुरोसन्स करतं, बॅकग्राऊंड वर उचललेला असतो, पटकन मारलेल्या स्कॅनमध्ये पाच टक्के हेमटाईट सहज लपतं. हेमटाईटचं मॅग्नेटायझेशन अर्ध्या इमूच्याही खाली, म्हणजे दहा टक्के हेमटाईट असलं की तुमचा एमएस दहा टक्क्यांनी पडला आणि तुम्ही कारण शोधत बसलात कॅटायन डिस्ट्रिब्युशनमध्ये (कुठला आयन ए वर, कुठला बी वर). ३० ते ३७ डिग्री हा भाग हळू स्कॅन करा.

कोबाल्टकडे येऊ. एमएसच्या बाबतीत कोबाल्टमध्ये फार नाट्य नाही, निकेलच्या जागी घातलं तर २ च्या जागी ३, बहुतेक बी वर बसतं, वाढ होते. खरं काम ते ॲनायसोट्रॉपीवर (मॅग्नेटायझेशनची ठरावीक दिशेची ओढ) करतं. ऑक्टाहेड्रल जागेवरच्या कोबाल्टचा ऑर्बिटल मोमेंट पूर्ण विझत नाही, स्पिन-ऑर्बिटमार्गे तो स्पिनला क्रिस्टलच्या अक्षाशी बांधून ठेवतो, म्हणून कोबाल्ट फेराईटचा के-वन (त्या ओढीचा आकडा) निकेल फेराईटच्या तीसेक पट आहे, आणि चिन्हही उलटं, कोबाल्टचा प्लस, बहुतेक बाकी स्पिनेल फेराईटचा मायनस. चिन्ह उलटं असणं फार कामाचं आहे. निकेल-झिंकमध्ये अगदी चिमूटभर कोबाल्ट घातलं तर मायनस आणि प्लस एकमेकांना खातात, के-वन शून्याजवळ जातो, त्या तापमानाला परमिॲबिलिटी (फील्डला सहज दाद देण्याचा गुण) वर येते. जास्त घातलंत की डोमेन वॉल (वेगवेगळ्या दिशेच्या चुंबकी भागांमधल्या सीमा) अडकून बसतात, परमिॲबिलिटी पडते पण वरच्या फ्रीक्वेन्सीला लॉस कमी होतो. म्हणून कोबाल्टचे आकडे वाचताना एक्स ०.०२ आणि एक्स ०.२ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच सरळ रेषेवर त्या बसवायला जाऊ नका. तुमच्या मालिकेत ०, ०.२, ०.४ असे टप्पे घेतले तर ही सगळी मजा तुमच्या हातून निसटेल, ०.०१ ते ०.०५ मध्ये तीन-चार सॅम्पल जास्त करा.

आणि कोबाल्ट भरपूर असेल तर १५ किलोओर्स्टेडच्या व्हीएसएमला लूप (फील्ड बदलत काढलेला मॅग्नेटायझेशनचा ग्राफ) सॅच्युरेट होत नाही, टोकाला अजून चढतच असते. त्या टोकाच्या आकड्याला एमएस म्हणू नका, एकावर एच वर्ग घेऊन एक्स्ट्रापोलेट करा.

मँगनीजमध्ये एक सोय आहे, टू प्लसचा मोमेंट ५ आणि फेरिकचाही (थ्री प्लस आयर्न) ५, त्यामुळे कोण ए वर कोण बी वर याने नीलच्या हिशेबात काही फरक पडत नाही, क्युरी टेम्परेचर मात्र ३०० सेल्सिअस, निकेलपेक्षा खूप खाली. मँगनीज-झिंक ही बाजारातली सगळ्यात महत्त्वाची जोडी, मोबाईल चार्जरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा कोअर बहुतेक हाच, आणि लॅपटॉपच्या केबलवर ती गाठीसारखी ठोकळी असते ती बहुतेक निकेल-झिंक. कारण निकेल-झिंकची रेझिस्टिव्हिटी मँगनीज-झिंकच्या कित्येक हजार पट असते, उंच फ्रीक्वेन्सीला एडी करंटचा (कोअरमध्ये आतल्या आत फिरणारा प्रवाह) त्रास होत नाही. मँगनीज-झिंक प्रयोगशाळेत साध्या हवेच्या फर्नेसमध्ये करायला गेलात तर थंड होताना मँगनीज ऑक्सिडाईझ होऊन थ्री प्लस होतं आणि पावडरीत हेमटाईट सुटतं, कारखान्यात त्यासाठी ऑक्सिजन मोजून कमी करत थंड करतात. नायट्रोजनची सोय नसेल तर या वाटेला जाऊ नका असंच मी म्हणेन.

कॉपर आणि मॅग्नेशियम ही मंडळी वेगळ्या कारणाने रंजक. मॅग्नेशियम फेराईटमध्ये दोन्ही बाजूंना फक्त आयर्न मोजायचं, नव्वद टक्के मॅग्नेशियम बी वर धरलं तर बी वर १.१ आयर्न, ए वर ०.९, फरक ०.२, गुणिले ५, म्हणजे १ बोहर मॅग्नेटॉन, मोजलेला १.१ आहे. आता हेच सॅम्पल वरच्या तापमानावरून पाण्यात क्वेंच केलं, म्हणजे एकदम गार केलं, तर जास्त मॅग्नेशियम ए वर अडकून राहतं आणि मोमेंट वाढतो. रचना तीच, वजन तेच, फक्त थंड कसं केलं यावर मॅग्नेटायझेशन बदललं. कॉपर फेराईटमध्ये तर सावकाश थंड केलेल्याचा १.३ आणि क्वेंच केलेल्याचा २.३ इतका फरक पडतो, वर जान-टेलर परिणामामुळे (कॉपरभोवतीची रचना ताणली जाते) सावकाश थंड केलेलं टेट्रागोनल, म्हणजे एका बाजूने लांबट, होतं. म्हणून प्रायोगिक भागात "फर्नेस कूल्ड" हे दोन शब्द लिहायला विसरू नका. कॉपरचा धंद्यातला उपयोग दुसराच आहे, निकेल-झिंकमध्ये थोडं कॉपर घातलं की सिंटरिंग ९०० च्या आसपास होतं, आणि चांदी ९६१ ला वितळते, म्हणून चिप इंडक्टरमध्ये आतली चांदीची गुंडाळी न वितळता फेराईटसोबत एकदमच भाजता येते.

ॲल्युमिनियम. हे बहुतेक बी वर जातं, म्हणजे ताकदवान बाजूचा आयर्न काढतं, मॅग्नेटायझेशन कमी होणारच. निकेल फेराईटमध्ये सगळं ॲल्युमिनियम बी वर गेलं असतं तर ०.४ ला मोमेंट शून्य व्हायला हवा, २ वजा ५ गुणिले ०.४. प्रत्यक्षात शून्य येतं ०.६३ च्या आसपास. हा फरकच सांगतो की थोडं ॲल्युमिनियम ए वरही गेलंय, हिशेब उलटा लावला तर साधारण ८२ टक्के बी वर आणि १८ टक्के ए वर निघतं. मला हे उदाहरण फार आवडतं, एका साध्या मॅग्नेटायझेशनच्या ग्राफवरून, कुठलंही महागडं मशीन न वापरता, आयन कुठे बसलाय ते कळतं. शून्याच्या पुढे गेलात की ए ची बाजू वरचढ होते आणि मोमेंट परत वाढायला लागतो, उलट दिशेने. हे नीट करून दाखवलंत, ०.५ ते ०.८ मध्ये बारीक टप्पे घेऊन, तर एक सुंदर काम होईल. फक्त ॲल्युमिनियम जागेवर जायला वेळ घेतं, बल्कसारखं भाजलेलं सॅम्पल लागेल आणि थंड करायची पद्धत सगळ्यांना सारखी. क्रोमियम याहून सरळ, ते बी सोडून कुठे जातच नाही, आणि लिथियम-क्रोमियम फेराईटमध्ये तर तापमान वाढवताना मॅग्नेटायझेशन एका ठिकाणी शून्य होऊन परत येतं, कारण ए आणि बी यांचं मॅग्नेटायझेशन तापमानाबरोबर वेगवेगळ्या वेगाने उतरतं. नीलने हे आधी कागदावर सांगितलं होतं, गॉर्टर आणि शुल्केस यांनी १९५३ मध्ये मोजून दाखवलं.

आता गॅडोलिनियम. इथे मी थोडं कडक बोलणार आहे. गॅडोलिनियमचा मोमेंट ७, आयर्नपेक्षा जास्त, म्हणून घातलं की मॅग्नेटायझेशन वाढेल अशी आशा असते. पण ऑक्टाहेड्रल जागेवरच्या फेरिकची त्रिज्या ०.६४५ अँगस्ट्रॉम, गॅडोलिनियमची ०.९४. ते त्या जागेत मावत नाही. अगदी थोडं, ०.०२-०.०३ च्या आसपास, कदाचित आत जात असेल, बाकीचं आयर्नशी मिळून गॅडोलिनियम ऑर्थोफेराईट हे वेगळंच संयुग बनवतं आणि ग्रेन बाऊंड्रीवर (कणांमधल्या सीमेवर) जाऊन बसतं, लँथॅनमचं तसंच, ३२-३३ डिग्रीच्या जवळ एक छोटा पीक दिसायला लागतो तो त्याचा. नॅनो पावडरीत पीक इतके रुंद असतात की तो दिसतही नाही, मग "सिंगल फेज, एक्स ०.१ पर्यंत" असं लिहिलं जातं. तीच पावडर ११०० ला भाजा आणि परत एक्सआरडी घ्या, दुसरी फेज वर येते. आणि समजा आत गेलंच, तरी फोर-एफ इलेक्ट्रॉन आत दडलेले, आयर्नशी त्यांचा संबंध कमजोर, खोलीच्या तापमानाला ते ७ काही कामाला येत नाहीत, ते फक्त लो टेम्परेचरला जागे होतात. रेअर अर्थ (गॅडोलिनियम, लँथॅनम यांचं कुटुंब) घालून ग्रेन वाढ थांबते, रेझिस्टिव्हिटी वाढते, हे उपयोग खरे आहेत, पण ते ग्रेन बाऊंड्रीवर बसल्यामुळे होतात. त्याला सब्स्टिट्यूशन म्हणायचं तर लॅटिस पॅरामीटर वाढलेला दाखवा, तेही भाजलेल्या सॅम्पलमध्ये. रेअर अर्थचा आयर्नशी खरा खेळ बघायचा तर गार्नेट या वेगळ्या रचनेत बघा, तिथे त्यांना स्वतःची मोठी जागा आहे, आणि गॅडोलिनियम आयर्न गार्नेटचा कॉम्पेन्सेशन पॉईंट (जिथे दोन्ही बाजू बरोबरीत येऊन मॅग्नेटायझेशन शून्य होतं) खोलीच्या तापमानाच्या जरासा खालीच येतो.

हेक्साफेराईटबद्दल (षटकोनी रचनेचे फेराईट) विचारलं नाहीत पण तर्क तोच आहे म्हणून दोन ओळी. बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम एम-टाईपमध्ये आयर्नला पाच प्रकारच्या जागा, १२ आयर्नपैकी ८ वर ४ खाली, म्हणून २० बोहर मॅग्नेटॉन. खालच्या चारांपैकी टेट्राहेड्रल जागेवर झिंक बसवलं तर मॅग्नेटायझेशन वाढतं, पुन्हा कमजोर बाजूचा गडी काढला. चार्ज सांभाळावा लागतो, झिंक टू प्लस म्हणून सोबत झिर्कोनियम किंवा टिनसारखा फोर प्लस लागतो. कोबाल्ट-टायटॅनियमची जोडी घातली तर ॲनायसोट्रॉपी उतरते, आणि लँथॅनम-कोबाल्ट घातलं तर उलट चढते, चांगल्या प्रतीच्या मोटर मॅग्नेटमध्ये हेच वापरतात. एकच कोबाल्ट, एका जोडीत मॅग्नेट मऊ करतं आणि दुसऱ्या जोडीत कडक. त्यामुळे "कोबाल्टने कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व पुसायला लागणारं उलटं फील्ड) वाढते" हे वाक्य नुसतं लिहिण्यात काही अर्थ नाही, कुठल्या रचनेत आणि कुठल्या जागेवर ते आलंच पाहिजे.

राहिला प्रश्न जागा ओळखायच्या कशा. एक्सआरडीच्या इंटेन्सिटी रेशोवरून, २२०, ४००, ४२२ वगैरे पीक घेऊन, कॅटायन डिस्ट्रिब्युशन काढायची पद्धत आपल्याकडे फार चालते, मराठवाड्यापासून कोल्हापूरपर्यंत फेराईटवर इतकं काम झालंय की ही टेबलं प्रत्येक थीसिसमध्ये सापडतील. पण आयर्न, कोबाल्ट, निकेल, झिंक पिरिऑडिक टेबलमध्ये जवळजवळ बसलेले आहेत, एक्स-रेला त्यांच्यातला फरक फारच थोडा दिसतो, त्यामुळे निकेल-झिंकला दोन दशांश स्थळांपर्यंत डिस्ट्रिब्युशन देणं मला पटत नाही. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असेल तर ठीक, ते हलके आहेत, उठून दिसतात. मॉसबॉअर (आयर्नच्या अणुकेंद्रावर गॅमा किरणांनी करायची चाचणी) आयर्नपुरतं फार चांगलं, पण खोलीच्या तापमानाला ए आणि बी चे सेक्स्टेट (सहा रेषांचे गट) एकमेकांवर चढलेले असतात, स्वच्छ वेगळे करायचे तर लो टेम्परेचर आणि पाचेक टेस्लाचं फील्ड लागतं. न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन सगळ्यात उत्तम, निकेलची स्कॅटरिंग लेंथ (न्यूट्रॉनला तो अणू किती ठळक दिसतो ते) १०.३ फेम्टोमीटर, आयर्नची ९.४५, झिंकची ५.६८, कोबाल्टची फक्त २.४९ आणि मँगनीजची तर मायनस ३.७३, म्हणजे एक्स-रेला जे सारखे दिसतात ते इथे लख्ख वेगळे. आणि ही सोय आपल्या आवाक्यात आहे, युनिव्हर्सिटीतल्या लोकांना ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरवरचं न्यूट्रॉन यूजीसी-डीएई सीएसआर या, विद्यापीठांना अशा सोयी मिळवून देणाऱ्या संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत प्रस्ताव देऊन मिळू शकतं, लो टेम्परेचर मॅग्नेटायझेशन आणि मॉसबॉअरसाठी त्यांचंच इंदूर केंद्र आहे. प्रस्ताव एक-दोन पानांचा असतो, गाईडना विचारा आणि लिहायला घ्या, बरेच जण घाबरून लिहीतच नाहीत.

तोवर क्युरी टेम्परेचर तरी मोजा, त्याला फार काही लागत नाही. छोट्या फर्नेसमध्ये चुंबकाच्या टोकाला पेलेटचा तुकडा चिकटवायचा, जवळ थर्मोकपल, हळूहळू गरम करत जायचं, तुकडा गळून पडला ते तापमान लिहायचं. चुंबक स्वतः तेवढं तापमान सोसणारा पाहिजे, नाहीतर सॉफ्ट आयर्नची दांडी वापरून त्यावर इलेक्ट्रोमॅग्नेट गुंडाळायचा. क्युरी टेम्परेचरवर कणांच्या साईजचा परिणाम एमएसइतका होत नाही, ते ए-बी संबंध किती उरलेत हेच सांगतं, म्हणून झिंक खरंच ए वर गेलं का हे तपासायला तुमच्या ३५ इमूपेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा. झिंकचे ०, ०.२, ०.३, ०.४, ०.५, ०.६, ०.८ असे सॅम्पल करा, पीक ज्या भागात येतो तिथे टप्पे बारीक ठेवा, प्रत्येकाचा लॅटिस पॅरामीटर, क्रिस्टलाईट साईज, क्युरी टेम्परेचर आणि एमएस एकाच टेबलमध्ये शेजारी लिहा, ६०० वाले आणि ११०० वाले दोन्ही. मग ते टेबल इथे टाका, कुठला पॉईंट का हललाय ते आपण एकेक करून बघू.